जुन्या रेसलिंग मॅचेस बघायला घेतल्यात पण रंगत येत नाहीये, कुठून सुरुवात करू?

टर्नबकल:

नमस्कार मंडळी. ऑस्टिन, रॉक, मॅनकाइंड ह्यांच्या काळात मला रेसलिंगचं वेड लागलं, मग मध्ये बरीच वर्षं सगळं सुटलं आणि आता परत बघायला लागलोय. ह्या वेळी ठरवलंय की नवीन काही बघण्याआधी जुनं नीट बघायचं, म्हणजे मी बघायला लागलो त्याच्याही आधीचं, ऐंशीचं दशक, जमलं तर सत्तरचं, जपानचं वगैरे. इतकं सगळं आर्काइव्ह आता हाताशी आहे की सोडवत नाही.

अडचण अशी की ज्या मॅचेस सगळे डोक्यावर घेतात त्यातल्या निम्म्या माझ्या गळी उतरत नाहीत. रँडी सॅव्हेज-रिकी स्टीमबोट, रेसलमेनिया ३, ती आवडली, एका दमात बघितली. म्हणून लगेच रिक फ्लेअर-स्टीमबोट लावली, १९८९ ची क्लॅश ऑफ द चॅम्पियन्सवाली, तीनपैकी दोन फॉलची (खांदे टेकवले किंवा हार मानायला लावली की एक फॉल), तर सुरुवातीला नुसता हेडलॉक. सुटला, परत हेडलॉक. पुढे ढकलत ढकलत शेवट बघितला आणि बंद केली. सत्तरच्या दशकातलं सॅमार्टिनोचं काही लावलं तर बेअर हग घालून दोघं नुसते उभे, पब्लिक मात्र बेभान झालेलं आणि मी इकडे कोराच.

तर मला हे विचारायचंय की माझं नेमकं काय सुटतंय? वर्षवार जाऊ, का एकेक रेसलर धरून जाऊ, का समीक्षकांनी पाच स्टार दिलेल्या मॅचेसच्या याद्या घेऊन बसू? आणि निकाल तर सगळे आधीच माहीत असतात, मग धाकधूक कशाची वाटणार? मनापासून विचारतोय, कारण मला हे आवडायला हवंय.

फिगरफोर:

याद्या आधी बाजूला ठेव भावा. यादीतली मॅच म्हणजे एखाद्या मालिकेचा फक्त शेवटचा एपिसोड बघण्यासारखं आहे. त्या मॅचेस घडल्या तेव्हा पब्लिकने त्याआधी कित्येक आठवडे टीव्हीवर त्या दोघांना बघितलेलं असायचं, कोणी कोणाला काय केलंय ते त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं, आणि मॅच त्याच्यावरच रचलेली असायची.

तुला जी आवडली तिचंच घे. सॅव्हेज-स्टीमबोट तुला आवडली कारण ती वेगवान आहे, पंधरा मिनिटांच्या आत संपते, आणि एकामागून एक असे फॉल होता होता राहतात की श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. पण त्याच्या काही महिने आधी, १९८६ च्या शेवटी, सॅव्हेजने स्टीमबोटचा गळा कठड्यावर आपटला आणि वर रिंगची घंटा घेऊन उडी मारून तीच त्याच्या गळ्यावर आदळली. स्टीमबोटला श्वास घेता येत नाहीये, बोलता येत नाहीये, त्याला स्ट्रेचरवर नेतात. मग तो परत बोलायला शिकतोय असं सगळं टीव्हीवर दाखवलं. आता हे बघून परत रेसलमेनिया लाव. शेवटी सॅव्हेज घंटा हातात घेऊन वर चढतो ना, तेव्हा त्या सिल्व्हरडोम स्टेडियममधल्या माणसांना माहितीये की हीच घंटा आहे. जॉर्ज स्टील त्याला वरून पाडतो, सॅव्हेज उठतो न उठतो तोच स्टीमबोट स्मॉल पॅकेज घालतो, म्हणजे त्याला गुंडाळून खांदे टेकवतो, आणि संपलं. घंटेचं आधीचं माहीत नसेल तर तो एक चांगला शेवट वाटतो, माहीत असेल तर हिशेब चुकता झाल्यासारखा वाटतो.

आता तुझा हेडलॉक. त्यासाठी थोडं मागे जायला लागेल. एनडब्ल्यूए (नॅशनल रेसलिंग अलायन्स) १९४८ साली अमेरिकेतल्या प्रमोटर लोकांनी मिळून काढली, प्रत्येकाचा इलाखा ठरलेला, दुसऱ्याच्या इलाख्यात पाय टाकायचा नाही, पण वर्ल्ड चॅम्पियन सगळ्यांचा मिळून एकच. तो चॅम्पियन वर्षभर गावोगाव फिरायचा आणि जिथे जाईल तिथल्या हिरोबरोबर लढायचा. त्याचं काम काय, तर आपला माणूस आज जिंकतोच बघ असं तिथल्या लोकांना वाटायला लावायचं आणि पट्टा घेऊन पुढच्या गावाला जायचं. कित्येकदा पूर्ण साठ मिनिटं, वेळ संपली म्हणून ड्रॉ. लू थेझ, हार्ली रेस, डोरी फंक ज्युनियर, सगळ्यांनी हेच केलं आणि ह्या पद्धतीचा शेवटचा मोठा माणूस म्हणजे फ्लेअर. एक तास लढायचं तर पहिल्या पाच मिनिटांत सगळं उधळून चालत नाही. म्हणून हेडलॉक. पण तो नुसता वेळकाढूपणा नाही, स्टीमबोट त्यात दाखवून देतोय की सरळ कुस्तीत मी तुझ्या वरचढ आहे, आणि फ्लेअर त्यातून सुटायला दरवेळी वेगळं काहीतरी करतो, चिडतो, चॉप मारतो, मग चॉपला चॉप सुरू होतात. फ्लेअरचं तोंड बघत राहा, हातांकडे बघू नकोस. चॅम्पियनचा तोरा हळूहळू उतरत जातो ते सगळं चेहऱ्यावर आहे.

आणि ही मॅच एकटी बघू नकोस, ती तिघींमधली मधली आहे. आधी २० फेब्रुवारी १९८९ ची शिकागोची, ची-टाऊन रंबल, जिथे स्टीमबोट पट्टा जिंकतो. मग २ एप्रिलची न्यू ऑर्लिन्सची, तू अर्धवट सोडलीस ती, पंचावन्न मिनिटांची. पहिला फॉल फ्लेअर घेतो, दुसऱ्यात स्टीमबोट त्याला डबल चिकनविंगमध्ये धरून हार मानायला लावतो. तिसऱ्यात परत तोच डाव, स्टीमबोट त्याला घेऊन मागे पडतो, खांदे टेकतात, पण फ्लेअरचा पाय दोरीखाली आहे! रेफरीला दिसत नाही. त्या पायावरून तिसरी मॅच, ७ मे, नॅशव्हिल. तिथे वेळ संपली तर निकाल द्यायला रिंगसाईडला तीन जज बसवलेत, लू थेझ, पॅट ओ'कॉनर आणि टेरी फंक. फ्लेअर जिंकतो, आणि मग तो फंक कोट घालून शांतपणे आत येतो, अभिनंदन करतो, पट्ट्यासाठी मलाही संधी दे म्हणतो, फ्लेअर नाही म्हणतो, आणि फंक त्याला टेबलावर पाइलड्रायव्हर देतो, म्हणजे उलटा धरून डोक्यावर आपटतो. त्या एका क्षणात फ्लेअर हीलचा (खलनायकाचा) बेबीफेस (नायक) झाला आणि पुढे वर्षअखेरपर्यंत फंकबरोबरचं भांडण चाललं, नोव्हेंबरमधली 'आय क्विट' मॅच त्याचा शेवट. मी सांगतो, हे सगळं ओळीने बघ, हेडलॉक लांब वाटणार नाही.

कोपऱ्यातला:

वरचं सगळं बरोबर आहे पण नव्याने जुनं बघणाऱ्याला पंचावन्न मिनिटांची मॅच हातात देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तयारी न करता थेट पकडतील अशाही जुन्या मॅचेस आहेत की.

स्टारकेड १९८५, ग्रीन्सबरो, मॅग्नम टीए विरुद्ध टली ब्लँचर्ड, पिंजऱ्यातली आय क्विट मॅच. काहीही माहीत नसताना लाव. नियम एवढाच की समोरच्याने माइकवर हार कबूल करायला पाहिजे. त्यात ना उड्या, ना भारी डाव. दोघं एकमेकांना मारतायत, कपाळं फुटलीयत, आणि तो माइक सतत मध्ये, त्यामुळे धापा, शिव्या, ओरडणं सगळं पूर्ण हॉलला ऐकू येतंय. कोणीतरी माइकनेच डोक्यात हाणतं आणि स्पीकरमधून तो धप्प आवाज येतो. शेवटी ब्लँचर्डची मॅनेजर बेबी डॉल लाकडी खुर्ची आत टाकते, ती मोडते, ब्लँचर्ड तिचा टोकदार तुकडा घेऊन मॅग्नमच्या डोळ्यात घालायला बघतो. मॅग्नम तो उलटवतो आणि तोच तुकडा ह्याच्या कपाळावर रेटतो. ब्लँचर्ड किंचाळत कबूल करतो. पंधरा मिनिटांच्या आसपासचा खेळ आहे, पण बघून झाल्यावर मी बराच वेळ दुसरं काही लावू शकलो नव्हतो. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅग्नमचा कारचा अपघात झाला आणि करिअर तिथेच संपलं. तो फ्लेअरनंतरचा मोठा स्टार होणार असं सगळे धरून चालले होते, त्यामुळे आता बघताना जास्तच लागतं.

दुसरी, १९८३ च्या पहिल्या स्टारकेडमधली रॉडी पायपर-ग्रेग व्हॅलेंटाईन, डॉग कॉलर मॅच. दोघांच्या गळ्यात पट्टे आणि मध्ये एकच साखळी. पायपरच्या डाव्या कानाला त्यात खरोखरची इजा झाली. अशा मॅचला पूर्वकथा सांगावी लागत नाही, साखळी दिसली की पुरे.

आणि निकालाबद्दल म्हणालास, तर रॉयल रंबल १९९२ बघ. त्यात एकेक जण नंबराप्रमाणे आत येतो, दोरीवरून बाहेर पडला की बाद, शेवटी उरेल तो जिंकला. फ्लेअर तिसऱ्या नंबरला येतो आणि तासभर टिकून जिंकतो हे सगळ्या जगाला माहितीये, तरी ती मॅच मी परत परत लावतो कारण कॉमेंट्रीला बॉबी हीनन आणि गोरिला मन्सून आहेत. हीनन फ्लेअरच्या बाजूचा. तिसरा नंबर बघून तो हादरतो, मग गयावया करतो, रागावतो, नवीन माणूस आत आला की त्याला शिव्या घालतो, फ्लेअर दोरीवर लोंबकळला की ह्याचा जीव वर. दिवसभर दमून आलो की अजूनही हीच लावतो. मन्सून त्याला सारखा टोचतोय. निकाल माहीत असला तरी हीननला तो माहीत नाहीये ना, त्याच्या नजरेतून बघायचं.

टेपवाला:

मी थोडं वेगळं सांगतो, कारण आर्काइव्ह बघायचं तर ते आर्काइव्ह म्हणजे काय ते कळायला पाहिजे, नाहीतर जे उरलंय तेच सगळं होतं असा समज होतो.

पन्नासच्या दशकातलं अमेरिकन रेसलिंग थोडंफार दिसतं ते किनेस्कोपमुळे, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून केलेलं शूटिंग. ड्युमाँट नेटवर्कवर शिकागोच्या मॅरिगोल्ड अरीनामधून कुस्त्या लागायच्या, त्यातलं बरंच असं वाचलंय, त्यात थेझ, व्हर्न गान्या, बडी रॉजर्स बघायला मिळतात. रॉजर्सची चाल, केस, तो माज बघितला की फ्लेअर कुठून आला ते कळतं, फिगर फोर ह्या पायांच्या पकडीसकट. पण त्यानंतरच्या साठ-सत्तरच्या दशकांत उलट झालं. लोकल स्टेशनवर शो व्हिडिओटेपवर व्हायचा, दोन इंच रुंदीची ती टेप महाग होती, म्हणून शो लागून गेला की त्याच टेपवर पुढचं काहीतरी रेकॉर्ड करायचे. कोणाला वाटलं होतं की चाळीस पन्नास वर्षांनी कोणी हे शोधत बसेल? त्यामुळे कित्येक इलाख्यांची वर्षंच्या वर्षं पुसली गेलीत. पोस्टर आहे, वर्तमानपत्रातला निकाल आहे, फोटो आहे, मॅच नाही.

मग घरोघरी व्हीसीआर आले आणि टेप ट्रेडिंग सुरू झालं. एका शहरातला माणूस आपल्याकडचा शो रेकॉर्ड करून दुसऱ्याला पोस्टाने पाठवायचा, तो त्याच्याकडचा ह्याला पाठवायचा, जपानच्या टेपा अमेरिकेत आणि अमेरिकेच्या जपानमध्ये. कॉपीची कॉपी, तिची परत कॉपी, रंग उडालेले, चित्र थरथरतंय, चेहरे ओळखू येत नाहीत, तरी लोक बघायचे. ज्या मॅचेस आज यादीत आहेत त्यातल्या खूपशा ह्याच माणसांनी वाचवल्यात आणि त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

आता मोठ्या कंपनीच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या लायब्ररीचं. २००१ ला त्यांनी डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी घेतली तेव्हा तिच्या आधीच्या मालकाच्या, प्रमोटर क्रॉकेटच्या काळापासूनच्या टेपा त्यांच्याकडे गेल्या, पुढे एडब्ल्यूए, ईसीडब्ल्यू, वर्ल्ड क्लास, मिड-साउथ ह्या जुन्या कंपन्यांचंही गेलं. २०१४ मध्ये त्यांचं नेटवर्क सुरू झालं तेव्हा हे सगळं एका जागी आलं, फार मोठी गोष्ट होती ती. पण तिथे जे दिसतं ते जसंच्या तसं असेलच असं नाही. ईसीडब्ल्यूमध्ये सँडमन पब्लिकमधून बिअर पीत यायचा ते मेटॅलिकाच्या गाण्यावर, सगळं हॉल गायचं. गाण्याचे हक्क नाहीत म्हणून तिथे दुसरंच म्युझिक लावलंय, आणि त्याबरोबर गाणाऱ्या पब्लिकचा आवाजही गेला. म्हणजे त्या एन्ट्रीचा जीवच गेला. बरीच वर्षं डब्ल्यूडब्ल्यूएफचा जुना लोगोसुद्धा धूसर करायचे, तीच अक्षरं वापरणाऱ्या वन्यजीव संस्थेबरोबरच्या खटल्यामुळे, ते २०१२ मध्ये थांबलं. अमेरिकेत २०२१ ला सगळं पीकॉकवर गेल्यावर काही जुने सीन कापले, रेसलमेनिया ६ मध्ये पायपर अर्धं अंग काळं रंगवून आला होता तो भाग त्यातलाच. तो भाग खटकणाराच होता, पण इतिहास बघायला बसलेल्याला निदान इथे काहीतरी होतं एवढं तरी कळायला हवं.

आणि वर कोपऱ्यातला भाऊने रंबल ९२ सांगितली, तिचंच बघ. शेवटी सिड होगनला बाहेर टाकतो, तेव्हा पब्लिक सिडच्या बाजूने ओरडतं, आणि होगन बाहेर उभा राहून सिडचा हात ओढतो म्हणून फ्लेअर त्याला टाकू शकतो. नंतर टीव्हीवर तोच प्रसंग दाखवला तेव्हा कॉमेंट्री बदलून होगनवर अन्याय झाला असं करून टाकलं. दोन्ही मिळाले तर लागोपाठ बघ. एकच घटना आणि दोन गोष्टी.

म्हणून माझा सल्ला, मोठे शो कमी आणि दर आठवड्याचा टीव्ही शो जास्त. एक इलाखा, एक वर्ष. मी म्हणेन वर्ल्ड क्लास, डॅलस. १९८२ च्या ख्रिसमसच्या रात्री रियुनियन अरीनात फ्लेअर विरुद्ध केरी व्हॉन एरिक, पिंजऱ्यात, आणि रेफरी म्हणून केरीचा दोस्त मायकल हेझ, दारावर टेरी गॉर्डी. हेझ फ्लेअरला हाणतो आणि केरीला म्हणतो घे, टाक ह्याला. केरी नको म्हणतो, मला असं जिंकायचं नाही. दोघांत बाचाबाची होते आणि गॉर्डी पिंजऱ्याचं लोखंडी दार केरीच्या डोक्यावर आपटतो. बास, इथून व्हॉन एरिक भाऊ आणि फ्रीबर्ड्स (हेझ-गॉर्डीची टोळी) ह्यांचं वैर सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. त्या शोचं कॅमेराकाम त्या काळाच्या मानाने फार पुढचं आहे, रिंगच्या अगदी कडेला कॅमेरा, त्यामुळे हळू वाटतं ही तक्रारही राहणार नाही. फक्त मन घट्ट कर, कारण त्या भावांपैकी आज एकटा केविन उरलाय आणि पडद्यावर मात्र सगळे हसतायत, पोरी त्यांच्या गळ्यात हार घालतायत.

टर्नबकल:

अरे बापरे, एवढं सगळं. घंटेचा प्रसंग आजच शोधतो. दोन शंका अजून. एक म्हणजे जपानी मॅचेस भाषा कळत नसताना कशा बघायच्या? पूर्वकथा माहीत हवी असं फिगरफोर म्हणतो, मग तिथे तर प्रोमोही, म्हणजे रेसलर माइकवर बोलतात तेही, कळणार नाही. आणि दुसरं, क्रिस बेन्वाच्या मॅचेस. रेसलमेनिया २० माझ्या आवडीच्या शोपैकी, पण आता लावायला हात धजत नाही.

हॉटटॅग_ताई:

भाषेची काळजी करू नका दादा. मी एकही शब्द न कळता जपानचं बायकांचं रेसलिंग बघायला लागले आणि तिथेच अडकले. तुम्ही चिगुसा नागायो विरुद्ध डंप मात्सुमोतो बघा, २८ ऑगस्ट १९८५, ओसाका-जो हॉल. हरेल तिचे केस रिंगमध्येच कापायचे.

चिगुसा म्हणजे क्रश गर्ल्सपैकी एक, लायनेस असुका तिची जोडीदार. ह्या दोघी तेव्हा जपानमध्ये पॉपस्टार होत्या, गाणी काढायच्या. आणि पब्लिक कोण, तर शाळकरी मुली. हॉलभर मुलीच मुली, हातात झिरमिळ्या, सगळ्या एका सुरात किंचाळतायत. समोर डंप, तोंडाला रंग, हातात साखळी, तिची टोळी बरोबर, अख्खा देश तिचा द्वेष करायचा. ती चिगुसाचं कपाळ फोडते, रक्त डोळ्यांत उतरतं, चिगुसाला समोरचं दिसेना होतं. मॅचमध्ये डाव म्हणावेत असे थोडेच आहेत, पण कॅमेरा सारखा पब्लिककडे वळतो आणि तिथे पोरी हमसून हमसून रडतायत, एकमेकींना धरून. चिगुसा हरते. मग तिला खुर्चीवर बसवून तिचे केस भादरतात आणि त्या हॉलमधला आक्रोश मी कुठल्याच दुसऱ्या खेळात ऐकलेला नाही. हे टीव्हीवर लागलं होतं हो, लाखो मुलींनी घरात बसून बघितलं. पुढच्या वर्षी परत अशीच केसांची मॅच झाली आणि त्यात चिगुसा जिंकली, डंपचे केस गेले. दोन्ही बघा, एकीवर थांबू नका.

इथे पूर्वकथा कळायला प्रोमो लागत नाहीत, एक बाई सगळ्यांची लाडकी आणि एक सगळ्यांची नावडती हे पहिल्या मिनिटाला कळतं. आणि खरं सांगायचं तर जुन्या रेसलिंगच्या याद्या लिहिणारे बायकांच्या मॅचेस शेवटी एखाद दुसरी टाकून मोकळे होतात ह्याचा मला राग येतो. १९९३ ची अकिरा होकुतो विरुद्ध शिनोबू कांदोरी, योकोहामा अरीना, त्या वर्षातल्या कुठल्याही पुरुषांच्या मॅचच्या शेजारी ठेवा आणि मग बोला.

फिगरफोर:

बेन्वाबद्दल. जून २००७ मध्ये त्याने बायकोचा आणि लहान मुलाचा जीव घेतला आणि मग स्वतःचा. ते विसरून मॅच बघा असं मी कोणालाच सांगणार नाही. नंतर त्याच्या मेंदूच्या तपासणीत डोक्याला मार बसून बसून झालेलं भयानक नुकसान दिसलं, त्यामुळे तो वरच्या दोरीवरून डोक्याने उडी मारतो ते आता मला बघवतच नाही. मी त्याच्या मॅचेस पुढे ढकलतो. काहीजण बघतात कारण समोर एडी ग्युरेरो असतो, शॉन मायकल्स असतो, त्यांचंही काम त्यात आहे. हात धजत नसेल तर लावू नकोस, इतिहास बघायचा म्हणून ती मॅच बघितलीच पाहिजे असं काही नाही. एडीचं बघायचंय तर व्हेन वर्ल्ड्स कोलाइड, नोव्हेंबर १९९४, लॉस एंजेलिस. तो आणि आर्ट बार एका बाजूला, एल इहो देल सांतो आणि ऑक्टागॉन दुसऱ्या बाजूला, ह्यांचे केस विरुद्ध त्यांचे मास्क. मेक्सिकन लुचा (तिथलं रेसलिंग) असूनही इंग्रजी कॉमेंट्रीत मिळते. ती मॅच झाल्यावर त्याच महिन्यात आर्ट बार गेला, वयाने अगदी तरुण होता.

बुदोकान९५:

जपानच्या पुरुषांचं मी सांगतो, माझा जीव त्याच्यात आहे. ऑल जपान ही कंपनी, नव्वदचं दशक, मिसावा आणि कावाडा. दोघं एकाच शाळेत, मिसावा एक वर्ष पुढे, कावाडा मागे. कंपनीतही तसंच, आधी जोडीदार, मग १९९३ पासून समोरासमोर. आणि कावाडा हरत राहतो. ३ जून १९९४, टोकियोचा बुदोकान हॉल, दोघांची सगळ्यात नावाजलेली मॅच, पस्तीस मिनिटांच्या वर, तो सगळं करून बघतो आणि शेवटी मिसावा टायगर ड्रायव्हर ९१ हा डाव देऊन त्याला संपवतो.

मग ९ जून १९९५. मिसावा-कोबाशी विरुद्ध कावाडा-ताउए, टॅग मॅच, म्हणजे जोड्यांची. कोबाशीचा पाय आधीच दुखावलेला. कावाडा आणि ताउए ठरवून तो पाय तोडतात आणि मग मिसावाकडे वळतात. शेवटाकडे मिसावा पडलाय, उठता येत नाहीये, आणि कोबाशी एका पायावर सरपटत येऊन त्याच्या अंगावर आडवा पडतो, स्वतः मार खातो पण त्याला सोडत नाही. तिथे भाषा काय करायचीय? त्याला बाजूला काढून कावाडा मिसावाला पिन करतो, आयुष्यात पहिल्यांदा. आणि तरी ती टॅगमध्येच. एकास एक, पट्ट्यासाठीच्या मॅचमध्ये हरवायला त्याला १ मे १९९८ उजाडावा लागला, टोकियो डोम. एवढी वर्षं एक धागा न तुटता चालवला त्या लोकांनी, बोलून नाही, फक्त मॅचेसमधून. कोणी कधी कुठला डाव कसा चुकवला हे पब्लिक लक्षात ठेवायचं आणि पुढच्या वेळी त्याच जागी अख्खं बुदोकान श्वास रोखून बसायचं.

एक मात्र आधीच सांगतो. ह्या मॅचेसमध्ये मानेवर, डोक्यावर फार पडतात. २००९ च्या जूनमध्ये हिरोशिमात मिसावाला रिंगमध्येच एक साधा बॅक सुप्लेक्स (उचलून मागे आपटणं) बसला, तो उठला नाही, त्याच रात्री गेला. त्यामुळे ९४-९५ चं बघताना मला एकाच वेळी टाळ्याही वाजवाव्याशा वाटतात आणि ओरडून थांबवावंसंही वाटतं. ते दोन्ही राहणारच, त्यातलं एक बाजूला ठेवून बघता येत नाही निदान मला तरी.

टर्नबकल:

घंटा बघितली! आणि मग रेसलमेनिया ३ परत लावली, तर शेवटाला अक्षरशः ओरडलो, निकाल माहीत असून. मग फिगरफोरने सांगितलं तसं ची-टाऊन रंबल आणि लगोलग न्यू ऑर्लिन्सची पूर्ण, एकही सेकंद पुढे न ढकलता. पहिल्या फॉलला फ्लेअर पिन करतो तिथे मला वाईट वाटलं, म्हणजे स्टीमबोट एवढा वेळ वरचढ आणि एका चुकीत फॉल गेला. हेडलॉक नसता तर हे वाटलंच नसतं. दोरीखालचा पायही बघितला. कॉमेंट्री करणारा जिम रॉस तेव्हा केवढा तरुण वाटतो आवाजाने!

मॅग्नम-ब्लँचर्ड आज रात्री. टेपवाला दादा, वर्ल्ड क्लास सुरू करणार आहे, ख्रिसमस १९८२ च्या किती आधीपासून घेऊ? आणि बुदोकान, मिसावाचं थेट ९४ पासून लावू का त्याच्या आधीचं काही लागेल?

टेपवाला:

त्याच वर्षीच्या शरद ऋतूपासून घे, फ्रीबर्ड्स डॅलसला येतात आणि व्हॉन एरिक भावांशी गळ्यात गळे घालून असतात तिथपासून. ती दोस्ती डोळ्याने बघितलीस तर दाराचा आवाज नीट ऐकू येईल. सगळे भाग सगळीकडे नसतात, मधला एखादा सापडला नाही तर अडून बसू नकोस, पुढचा लाव, ते लोक दर आठवड्याला मागचं थोडं दाखवायचेच.

बुदोकान९५:

थेट ९४ नको. १९९० पासून ये. तेव्हा मिसावा टायगर मास्क म्हणून मास्क घालून लढायचा. कंपनीतला मोठा माणूस तेन्र्यु सोडून गेला, वर जागा रिकामी झाली, आणि मे महिन्यातल्या एका टॅग मॅचमध्ये मिसावा मध्येच मास्क काढून पब्लिकमध्ये फेकतो. मास्कची मागची दोरी सोडून देणारा त्याचा जोडीदार म्हणजे कावाडाच. ती बघ, मग ८ जून १९९० ची कंपनीचा मोठा स्टार त्सुरुता विरुद्ध मिसावा, आणि मग त्सुरुताच्या बाजूच्यांशी ह्या पोरांच्या सहा माणसांच्या टॅग मॅचेस होतात त्या एक-दोन. तेवढं झालं की ९३ ला दोघं वेगळे होतात तिथे उडी मार. त्सुरुताची मॅच बघून झाली की इथे लिही, पुढच्या तारखा देतो.